रात्री साडेअकराची शिट्टी: वसतिगृहातल्या झोपेत चालण्याचं एक प्रकरण

शाळेच्या लेटरहेडवर तीन ओळींचं पत्र होतं. 'सदर विद्यार्थी रात्री झोपेत चालतो. त्यामुळे इतर विद्यार्थ्यांमध्ये भीतीचे वातावरण आहे. तो वसतिगृहात राहण्यास योग्य आहे किंवा नाही, याबाबत वैद्यकीय दाखला मिळावा.' पत्र घेऊन आई, वडील आणि आजी अशी तिघं आली होती. ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो अकरा वर्षांचा मुलगा खुर्चीच्या टोकावर बसून नखं कुरतडत होता. सहावीचा विद्यार्थी. जूनमध्ये या निवासी शाळेत दाखल झाला होता आणि आता ऑगस्ट संपत आला होता. (ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

दाखला मी त्या दिवशी दिला नाही. 'योग्य' लिहावं तर शाळा निर्धास्त होणार आणि मुलगा पुन्हा त्याच वरच्या कॉटवर झोपणार. 'अयोग्य' लिहावं तर त्याला घरी पाठवणार. घरी तो कदाचित आठवड्याभरात ठीकही झाला असता, पण मग 'होस्टेलला टिकला नाही' हे त्याला कायमचं चिकटलं असतं. म्हणून वसतिगृहाच्या रेक्टरांना फोन लावला आणि सांगितलं, आधी पंधरा दिवस द्या आणि एक वही घाला.

काय घडत होतं

वसतिगृहाचा हॉल पहिल्या मजल्यावर. चाळीस मुलं, लोखंडी दुमजली कॉट, भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग. हॉलबाहेर उघडी गॅलरी आणि तिला कमरेएवढा कठडा. जुलैच्या सुरुवातीला रात्रीच्या गस्तीवरच्या मामांना हा मुलगा त्या कठड्याजवळ उभा दिसला. डोळे उघडे, नजर भलतीकडेच. मामांनी घाबरून मनगट धरून ओढलं, तेव्हा तो किंचाळला, त्यांना ओरबाडलं, आणि मिनिटाभराने काहीच झालं नसल्यासारखा त्यांच्यामागून चालत येऊन झोपला. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. मामांच्या हातावरचे ओरखडे मात्र हॉलभर सगळ्यांनी पाहिले.

मग आठवड्यातून दोन-तीनदा हे होऊ लागलं. कधी नुसता उठून बसायचा, कधी कॉटची शिडी उतरून ट्रंकांपाशी जायचा. पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री तर त्याने दुसऱ्या एका मुलाच्या ट्रंकेचं झाकण उघडून आत लघवी केली. आत झेंडावंदनासाठी इस्त्री करून ठेवलेला पांढरा गणवेश होता. झोपेत चालणाऱ्यांच्या बाबतीत हे तसं नवलाचं नाही. मूत्राशय भरल्याची जाणीव शरीराला होते, पण मोरी कुठे आणि ट्रंक कुठे हे ठरवणारा मेंदूचा भाग त्या वेळी झोपलेला असतो. ज्याचा गणवेश गेला त्या मुलाला हे कोण सांगणार? 'मुद्दाम केलंस आणि आता नाटक करतोस' यावरून दोघांत मारामारी झाली. हॉलमधल्या मुलांनी मागच्या पडक्या विहिरीच्या भुताची गोष्ट त्याला जोडून टाकली होतीच.

या काळात मोठ्यांनी आपापल्या बुद्धीने उपाय सुरू केले होते. आजीने अंगारा पाठवला, दंडात ताईत बांधला. शेजारच्या कॉटवरच्या दोघांनी टॉवेलने त्याचा पाय कॉटच्या गजाला बांधायला सुरुवात केली. व्यवस्थापनाने हॉलला रात्री बाहेरून कडी घालायचा हुकूम काढला. आणि मुलाने स्वतः जे केलं ते कोणालाच माहीत नव्हतं: झोप लागू नये म्हणून तो अंथरुणात स्वतःला चिमटे काढत जागा राहायचा. दंडाच्या आतल्या बाजूला निळसर डागांची ओळ होती. ती बघून मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "झोपलो की चालतो ना, म्हणून."

या चौघांत सगळ्यांत निरुपद्रवी अंगारा. बाकीच्या तिन्ही गोष्टी धोक्याच्या होत्या. पाय बांधलेला मुलगा अर्धवट झोपेत वरच्या कॉटवरून उतरायला गेला तर उलटा लटकतो. चाळीस मुलांच्या हॉलला बाहेरून कडी म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर काय, हा प्रश्न विचारायचीही गरज पडू नये. आणि जागरणाने हा प्रकार हमखास वाढतो.

वडिलांचं आणि आजीचं गुपित

घरात आधी कोणाला असा त्रास होता का, असं विचारल्यावर खोलीत थोडी शांतता पसरली. मग वडील कसनुसं हसले. सातवी-आठवीपर्यंत तेही झोपेत उठून चालायचे, एकदा गोठ्यात म्हशीशेजारी सापडले होते. सून आश्चर्याने बघत राहिली. लग्नाला पंधरा वर्षं होऊन हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. आजी म्हणाल्या, "आता काय लपवायचं डॉक्टर. ह्याला मी दाव्यानं बांधून निजवायची. पुढं आपोआप गेलं. पण ह्या पोराला बाहेरचं काय लागलंय का, ते बघा की."

झोपेत चालणं घराण्यात उतरतं, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात जन्मापासून पाहणीखाली असलेल्या सुमारे 1,900 मुलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आई-वडिलांपैकी कोणालाच हा त्रास नव्हता, अशा घरांतली 22.5 टक्के मुलं कधी ना कधी झोपेत चालली होती. एका पालकाला असेल तर 47.4 टक्के, दोघांना असेल तर 61.5 टक्के. त्याच अभ्यासात वयाच्या दहाव्या वर्षी हे प्रमाण सगळ्यांत जास्त, 13.4 टक्के होतं. म्हणजे चाळीस मुलांच्या हॉलमध्ये अशी चार-पाच मुलं असणं हे साधं गणित आहे. आजींना मी आकडे नाही सांगितले. "बाहेरचं काही नाही, तुमच्या घरातलंच आहे," एवढं म्हटलं. त्यांना ते पटलं असावं. निदान तो विषय पुन्हा निघाला नाही. ताईत काढायला मी सांगितलं नाही. फक्त त्याचा काळा दोरा गळ्यात कधी बांधू नका, दंडातच राहू द्या, एवढं बजावलं.

पण रक्तात असलेली गोष्ट आताच इतक्या वेळा का बाहेर पडते, हे आनुवंशिकतेने कळत नाही. आईच्या सांगण्याप्रमाणे घरी तो वर्षातून एकदा-दोनदा, तापात वगैरे, उठून बसायचा आणि काहीतरी बडबडायचा. चालला कधीच नव्हता. जूनपासून काय बदललं, याचं उत्तर शोधायचं होतं आणि ते माझ्या खोलीत मिळणार नव्हतं.

रेक्टरांची वही

रेक्टर गणिताचे शिक्षक निघाले, हे या प्रकरणातलं मोठं नशीब. दोनशे पानी वहीत त्यांनी पट्टीने रकाने आखले: दिवे कधी बंद, झोप अंदाजे कधी लागली, कधी उठला, किती मिनिटं, काय केलं, रात्री दूध किती वाजता, लघवीला जाऊन झोपला का, ताप-सर्दी, आणि शेवटचा रकाना 'इतर'. हा शेवटचा रकाना मी सांगितलेला नव्हता. पुढे तोच सगळ्यांत उपयोगी ठरला.

वही आल्यावर तीन गोष्टी लगेच दिसल्या.

पहिली झोपेची बेरीज. दिवे दहाला बंद होत, पण मुलांची कुजबुज थांबून झोप लागायला साडेदहा. पहाटे पावणेपाचला घंटा, मग परेड. म्हणजे सव्वासहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेची 2016 ची शिफारस आहे. घरी हा मुलगा नऊला झोपून साडेसहाला उठत असे. वसतिगृहात त्याची रोज तीन तासांची उधारी चढत होती, शिवाय चिमटे काढून जागायचं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट रविवारची. रविवारी परेड नसते, मुलं सातला उठतात, दुपारी जेवून तासभर आडवी होतात. वहीतल्या एकाही रविवारी रात्री तो उठला नव्हता.

तिसरी गोष्ट मात्र अनपेक्षित होती. जवळजवळ प्रत्येक नोंद साडेअकरा ते पावणेबारा या पंधरा मिनिटांतली. झोप लागल्यावर साधारण तासाभराने असे प्रकार होतात हे खरं, पण इतकी काटेकोर वेळ? रेक्टरांनी 'इतर'मध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मामांची शिट्टी, 11.30.' रात्रपाळीचे मामा साडेअकराला गस्तीला निघत आणि नेमके याच हॉलच्या खिडकीखाली उभे राहून दोनदा शिट्टी फुंकत. वरच्या कॉटवरचा मुलगा खिडकीपासून हाताच्या अंतरावर.

इथे झोपेचं थोडं सांगायला हवं. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सगळ्यांत गाढ झोप असते, आणि मुलांत ती फारच गाढ असते. त्या झोपेतून कशाने तरी झोप चाळवली, तर बहुतेक जण कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात. काहींच्या बाबतीत मेंदूचा काही भाग जागा होतो आणि बाकीचा झोपलेलाच राहतो. हातपाय चालतात, शिडी उतरता येते, 'हो सर' म्हणता येतं. पण निर्णय, आठवण, भान यांचं काम बंदच असतं. 2000 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका सोळा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं, ऐन झोपेत चालत असतानाच्या स्थितीचं चित्रण मिळवलं. त्यात मेंदूचे काही खोलवरचे भाग जागेपणीसारखे कामाला लागलेले आणि कपाळामागचा भाग मात्र थंड, असंच दिसलं होतं.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र यायला हव्यात: झोप फाजील गाढ हवी आणि तिला धक्का देणारं काहीतरी हवं. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत 2008 मध्ये नेमकं हेच करून पाहिलं गेलं. झोपेत चालणाऱ्या दहा मोठ्या माणसांना गाढ झोपेत असताना आवाज ऐकवले. नेहमीच्या झोपेत त्यातल्या तिघांच्या बाबतीत हा प्रकार घडला. मग त्याच माणसांना पंचवीस तास जागं ठेवून नंतरच्या झोपेत तेच आवाज ऐकवले, तर दहाच्या दहा जणांच्या बाबतीत घडला. ज्यांना हा त्रासच नव्हता अशा दहा जणांपैकी एकालाही, जागरण करूनसुद्धा, काही झालं नाही. आमच्या वसतिगृहात हा प्रयोग कोणाच्याही परवानगीशिवाय रोज रात्री चालू होता. पहाटेची परेड जागरण पुरवत होती आणि मामा आवाज.

फिट तर नाही ना?

तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी फिट्सची शंका घेऊन ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला होता. तो नॉर्मल होता. शंका चुकीची नव्हती. झोपेत येणारी काही प्रकारची आकडी वरवर अशीच दिसते. आणि दिवसा काढलेला ईईजी नॉर्मल आला म्हणून ती शंका फिटतही नाही. अशा वेळी चांगला व्हिडिओ फार कामाला येतो. म्हणून रेक्टरांना मोबाइल कॉटच्या गजाला बांधून सव्वाअकरापासून तासभर चालू ठेवायला सांगितलं. पालकांची परवानगी घेतली, चौकटीत फक्त याची कॉट येईल असं पाहिलं, आणि मुलालाही आधी कल्पना दिली.

तिसऱ्या रात्री मिळालेल्या व्हिडिओत तो उठून बसतो, चादरीचं टोक दोन्ही हातांनी चाचपतो, जणू शर्टाचं बटण शोधतोय. सावकाश दोन पायऱ्या उतरतो, थांबतो. रेक्टर विचारतात, "काय रे, कुठे निघालास?" तो स्पष्ट म्हणतो, "प्रार्थना झाली सर," आणि पुढे जातो. सगळं मिळून चार मिनिटं. हातपाय वेडेवाकडे ताणलेले नाहीत. आकडी असती तर बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत आटोपली असती, दर वेळी हुबेहूब तशीच झाली असती, आणि एका रात्रीत अनेकदा, पहाटेही, आली असती. वहीतल्या नोंदी रोज वेगळ्या होत्या आणि एकही बारानंतरची नव्हती. वाईट स्वप्नाचाही प्रश्न नव्हता. ती उत्तररात्री पडतात आणि जाग आल्यावर मूल स्वप्न सांगतं.

व्हिडिओ मी दुसऱ्यांदा पाहिला तो आवाज मोठा करून. उठून बसण्याआधीची काही मिनिटं त्यात होती. मुलगा तोंड उघडं टाकून घोरत होता. घोरणं मध्येच थांबत होतं, काही सेकंद शांतता, मग एक मोठी धाप. आईला विचारलं, तर म्हणाली, "तो पहिल्यापासूनच घोरतो, त्याच्या वडिलांसारखा." सर्दी बारमाही. घशात टॉन्सिल दोन्ही बाजूंनी मोठ्या. म्हणजे झोपेला धक्का देणारी फक्त शिट्टीच नव्हती. तो धक्का त्याच्या घशातही होता, आणि घसा मामांसारखा दुसऱ्या वाटेने पाठवता येत नाही.

काय ठरवलं

शाळेला पत्र लिहिलं. 'योग्य-अयोग्य' टाळून त्यात फक्त करायच्या गोष्टी लिहिल्या. पहिलं काम सुरक्षिततेचं, तेही त्याच दिवशी. मुलाला तळमजल्यावरच्या, रेक्टरांच्या खोलीशेजारच्या छोट्या हॉलमध्ये, खालच्या कॉटवर हलवायचं. बाहेरची कडी बंद. त्याऐवजी दाराला वरच्या बाजूला घंटा. दुकानाच्या दाराला असतात तसल्या बॅटरीच्या घंट्या मिळतात, पण रेक्टरांनी गावातून गाईच्या गळ्यातली एक घंटा आणून टांगली आणि तिने चोख काम केलं. वाटेतल्या ट्रंका कॉटखाली. खिडकीला जाळी होतीच.

दुसरं, तो उठलाच तर काय करायचं. 'झोपेत चालणाऱ्याला जागं केलं तर तो मरतो किंवा वेडा होतो' ही समजूत त्या शाळेत शिपायापासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांची होती. असं काही होत नाही. पण जागं करू नये हेही खरं, कारण ते जमत नाही, आणि धरून हलवलं की मूल घाबरून झटापट करतं. मामांनी ते अनुभवलंच होतं. शेजारी उभं राहायचं, हळू आवाजात "चल, झोपू या" म्हणायचं, कोपराला हलकेच हात लावून दिशा द्यायची. सकाळी त्याच्यासमोर किंवा मुलांसमोर त्याची उजळणी करायची नाही. वहीत लिहायचं आणि विषय संपवायचा.

तिसरं आणि शाळेला सगळ्यांत जड गेलेलं म्हणजे वेळापत्रक. मुख्याध्यापकांचा मुद्दा रास्त होता: एका मुलासाठी चाळीस जणांची शिस्त मोडायची का? मी त्यांना इतकंच विचारलं, की सहावीची किती मुलं पहिल्या तासाला पेंगतात? रेक्टर बाजूलाच बसले होते, ते पटकन म्हणाले, "निम्मी." पाचवी-सहावीची अभ्यासिका पाऊण तास लवकर संपवायची, दिवे सव्वानऊला बंद, आणि या मुलाला पहाटेच्या परेडमधून सूट, असं ठरलं. पावणेसहाला उठणं आणि दुपारी जेवणानंतर थोडी झोप. झोपेची बेरीज नऊच्या जवळ आली. रात्रीचं दूध जेवणाबरोबर, आणि झोपण्यापूर्वी लघवीला जाणं सक्तीचं. मामांची शिट्टी फाटकापाशी.

चौथी गोष्ट ठरल्या वेळी उठवण्याची. ज्या मुलाला रोज साधारण ठरावीक वेळी हा प्रकार होतो, त्याला त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हळूच जागं करायचं, दोन-चार मिनिटं जागं ठेवायचं आणि पुन्हा झोपू द्यायचं. असं तीन-चार आठवडे रोज. झोपेत किंचाळून उठणाऱ्या मुलांवर ही पद्धत लंडनमध्ये 1980च्या दशकातच वापरली गेली होती, पुढे झोपेत चालणाऱ्यांवरही झाली. अभ्यास लहान आहेत, नेमकं काय घडतं हे पक्कं ठाऊक नाही. बहुधा गाढ झोपेचा तो टप्पा मोडला जातो. औषध नाही, खर्च नाही, धोका जवळपास नाही. लागतो तो रोज रात्री न कंटाळणारा एक माणूस. घरांत ही पद्धत बहुधा याच कारणाने बारगळते, कारण दिवसभर राबलेली आई पाचव्या रात्री गाढ झोपलेली असते.

गोळ्यांबद्दल विचारणा झालीच. मुलाच्या मामांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांचं म्हणणं, झोपेची गोळी दिली की पोरगं ढिम्म झोपेल, उठणारच नाही. ऐकायला हे बरोबर वाटतं, प्रत्यक्षात उलटं होऊ शकतं. झोल्पिडेम आणि त्या गटातल्या आणखी दोन गोळ्यांवर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. कारण? या गोळ्या घेऊन माणसं झोपेत चालली, स्वयंपाक करू लागली, गाडी घेऊन निघाली, आणि काही दगावली. मोठ्या माणसांत फार त्रास असेल तर तज्ज्ञ कधी कधी क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारं औषध देतात, पण त्यामागे भक्कम चाचण्या नाहीत, आणि घशातला अडथळा असलेल्या मुलाला असं औषध देणं म्हणजे श्वासाशी खेळ. दुकानदार मामांना फोनवर हे जरा कडक आवाजातच सांगावं लागलं.

पुढचे महिने

पहिल्या दहा दिवसांत नोंदी निम्म्यावर आल्या. मग एक मजेशीर अडचण आली. रेक्टर जुन्या वहीच्या हिशेबाने रोज बरोबर सव्वाअकराला उठवायला जात, आणि तो त्याच्या आधीच, साडेदहाच्या सुमाराला, उठून बसलेला असे. झोपायची वेळ अलीकडे आली होती, म्हणजे गाढ झोपही अलीकडे आली होती. भिंतीवरचं घड्याळ सोडून झोप लागल्यापासूनची मिनिटं मोजायला लागल्यावर गाडी रुळावर आली. सव्वादहाला ते त्याच्या कॉटपाशी जात, नाव घेऊन हाक मारत, तांब्यातलं पाणी पुढे करत. तो दोन घोट पिऊन "झालं सर" म्हणत असे. डोळ्यात डोळे घालून म्हटलं तरच ते जागेपणीचं धरायचं, असं आमचं ठरलं होतं. 'प्रार्थना झाली' छापाचं उत्तर आलं तर पुन्हा हाक.

चिमटे काढणं थांबायला मात्र वेळ लागला. गणवेशवाल्या मुलाशी समेट रेक्टरांनी घडवला, तोही व्याख्यान न देता. त्यांनी त्या मुलाला एका रात्री शेजारी उभं करून हा प्रकार प्रत्यक्ष दाखवला. यासाठी त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी बहुधा नाही म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो मुलगाच याचा पहारेकरी झाला आणि विहिरीच्या भुताची गोष्ट हॉलमधून हळूहळू मागे पडली.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत प्रमाण महिन्यातून दोनवर आलं होतं. शून्य झालं नव्हतं, आणि घोरणं तसंच होतं. पुण्यात रात्रभराची झोपतपासणी झाली. तासाला सरासरी सहा वेळा श्वास अडत होता. मोठ्या माणसात याला सौम्य म्हणतात. मुलांत तासाला एकाहून जास्त म्हणजेच बिघाड. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ काढायचा सल्ला दिला आणि शस्त्रक्रिया सुट्टीतच झाली.

या बाबतीत स्टॅनफर्डच्या झोपकेंद्राचा 2003 चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. झोपेत चालणाऱ्या किंवा किंचाळणाऱ्या 84 मुलांपैकी 49 जणांच्या श्वासात झोपेत अडथळा होता. त्यातल्या 43 जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि सगळ्यांचं चालणं-किंचाळणं थांबलं. उरलेल्या सहा जणांचं चालू राहिलं. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ती मुलं झोपकेंद्रापर्यंत पोचलेली, म्हणजे मुळात निवडक होती. झोपेत चालणाऱ्या प्रत्येक मुलाच्या टॉन्सिल काढायचा तो परवाना नाही. घोरणं, तोंडाने श्वास, मध्येच धाप, यांची चौकशी मात्र प्रत्येकाच्या बाबतीत करायलाच हवी, आणि ती अजूनही सर्रास राहून जाते. पाय शिवशिवतात का, हेही विचारावं; रक्तात लोह कमी असलं की रात्री पाय स्वस्थ बसत नाहीत आणि झोप तशीच चाळवते. या मुलाला ते नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर डिसेंबर-जानेवारीत वही कोरी राहिली. फेब्रुवारीत ताप आला त्या रात्री तो उठला, दारापर्यंत गेला, घंटा वाजली, रेक्टरांनी परत आणून झोपवलं. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात आणखी एकदा. उपयोग नेमका कशाचा झाला, झोपेचा, शिट्टीचा, उठवण्याचा की शस्त्रक्रियेचा, हे या एका मुलावरून वेगळं काढता येत नाही. मोठा उतार शस्त्रक्रियेच्या आधी आला होता एवढं वही सांगते. आणि बरीच मुलं किशोरवयात यातून आपोआप बाहेर पडतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

सातवीत एनसीसीसारख्या शिबिराचा प्रश्न आला: तीन रात्री, किल्ल्याच्या पायथ्याशी तंबूत. आईचा ठाम नकार, मुलाचा रडून हट्ट. मी हो म्हटलं, पण अटी घातल्या. आदल्या रात्री पूर्ण झोप. तंबूत तो मधोमध, दाराशी शिक्षक. तंबूची चेन वरपर्यंत लावून तिला घुंगरू. चूल आणि विहीर यांपासून लांबचा तंबू. ताप किंवा सर्दी असेल तर जायचं नाही. रात्रीच्या चढाईत त्याला घ्यायचं नाही, कारण जागरणानंतरची रात्र सगळ्यांत वाईट. चढाईवरून तो माझ्यावर अजून नाराज आहे.

येत्या जूनपासून आठवीचा हॉल पुन्हा पहिल्या मजल्यावर आहे. रेक्टरांचा फोन आधीच येऊन गेला. गॅलरीच्या कठड्यावर छातीच्या वर जाळी बसवून घेणार असाल तर हरकत नाही, कॉट खालचीच, झोपेची वेळ सातवीचीच, आणि महिन्यात दोनदा उठला तरच पुन्हा तीन आठवडे रात्रीची हाक, असं त्यांना कळवलं आहे. जाळीचं कोटेशन त्यांनी मागवलं आहे.